चालक-साहाय्य प्रणालींवरील हिवाळी हवामानाचा परिणाम

मोटारगाडीच्या सभोवतालची स्थिती संवेदकांद्वारे जाणून घेऊन चालकाला सूचना देणाऱ्या, तसेच प्रसंगी ब्रेक व स्टिअरिंग यांवर स्वतः क्रिया करणाऱ्या यंत्रणांना चालक-साहाय्य प्रणाली असे म्हणतात. स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक, मार्गिका राखण्यास मदत, पुढील वाहनापासून अंतर राखणारे वेगनियंत्रण आणि वाहन उभे करताना मिळणारे साहाय्य ही या प्रणालींची प्रमुख कार्ये आहेत. हिमवृष्टी, बर्फ, धुके, रस्त्यावरील मीठ आणि क्षितिजालगतचा सूर्य यांमुळे हिवाळ्यात संवेदकांची क्षमता घटते. प्रत्येक प्रकारच्या संवेदकावर होणाऱ्या परिणामाचे भौतिक कारण वेगळे असते. त्यामुळे एका संवेदकाची उणीव दुसरा काही प्रमाणात भरून काढू शकतो. मात्र सर्व संवेदक एकाच वेळी निकामी होण्याची शक्यताही हिवाळ्यातच अधिक असते.

कॅमेरा

पुढचा कॅमेरा सामान्यतः समोरच्या काचेच्या आतील बाजूस, आरशाजवळ बसवलेला असतो. काचेचा हा भाग वायपरने पुसला जातो. तरीही त्यावर दव, बर्फ किंवा मिठाचा पांढरा थर साचल्यास प्रतिमा अस्पष्ट होते. मागील कॅमेरा उघड्यावर असल्याने लवकर झाकला जातो. धावत्या वाहनाच्या मागे कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो आणि चाकांनी उडवलेले हिम व पाणी तेथे ओढले जाऊन मागील बाजूस चिकटते.

भिंग स्वच्छ असले तरी दृश्यच बदललेले असते. मार्गिकांचे पट्टे हिमाखाली झाकले जातात. अशा वेळी चालक पट्टे सोडून पुढील वाहनांनी पाडलेल्या चाकोरीतून गाडी नेतात, आणि ही चाकोरी मूळ मार्गिकेशी जुळेलच असे नाही. रस्त्यावर फवारलेल्या मिठाच्या पाण्याच्या रेघा किंवा हिमाच्या ढिगाची कडा यांना प्रणाली पट्टे समजू शकते. उच्च अक्षांशांवर हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजाजवळ राहतो आणि ताजे हिम त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित करते. या झगमगाटात प्रतिमेतील बारकावे लोपतात.

रडार

मोटारगाड्यांतील दूर पल्ल्याचे रडार मुख्यतः ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतात. या लहरींची तरंगलांबी सुमारे ४ मिलिमीटर असते. धुक्याचे थेंब त्या तुलनेत अतिशय सूक्ष्म असल्याने धुक्यात रडारची कार्यक्षमता फारशी कमी होत नाही. हवेतून पडणाऱ्या हिमातही रडार कॅमेऱ्यापेक्षा बरेच पुढचे पाहू शकते.

रडारची मुख्य अडचण त्याच्या आवरणावर निर्माण होते. कोरडे हिम व शुद्ध बर्फ या लहरी अल्प प्रमाणात शोषतात. द्रवरूप पाणी मात्र त्या मोठ्या प्रमाणात शोषून घेते. म्हणून कडाक्याच्या थंडीतील भुरभुरीत हिमापेक्षा शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासचे ओले, चिकट हिम रडारसाठी अधिक घातक ठरते. रडार बंपर, पुढची जाळी किंवा बोधचिन्हामागे बसवलेले असल्याने पुढील वाहनाने उडवलेला बर्फाचा चिखल नेमका तेथेच साचतो.

लिडार

लिडार लेझर प्रकाशाचे स्पंद सोडून त्यांच्या परावर्तनावरून अंतर मोजते आणि परिसराचे त्रिमितीय बिंदुचित्र तयार करते. पडणारा प्रत्येक मोठा हिमकण काही प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे गाडीच्या जवळ अनेक खोटे बिंदू दिसतात. ते गाळण्यासाठी बिंदूच्या आसपास पुरेसे अन्य बिंदू आहेत का, हे तपासले जाते. हिमकण विखुरलेले असतात, तर घन वस्तूचे बिंदू एकवटलेले असतात. परंतु दूरच्या खऱ्या वस्तूचे बिंदूही विरळच मिळतात. म्हणून काही पद्धतींत अंतर वाढेल तशी तपासणीची त्रिज्या वाढवली जाते.

श्राव्यातीत संवेदक

वाहन उभे करताना उपयोगी पडणारे, बंपरमधील गोल संवेदक श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून काही मीटरपर्यंतचे अंतर मोजतात. हवेतील ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो. २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर उणे २० अंशांना सुमारे ३१९ मीटर असतो. त्यामुळे तापमानानुसार दुरुस्ती न केल्यास अंतराच्या मापनात सुमारे ७ टक्के चूक होऊ शकते. संवेदकावर बर्फ गोठल्यास त्याच्या पडद्याचे कंपन दबते आणि प्रणाली अडथळा नसतानाही इशारा देते किंवा असलेला अडथळा ओळखत नाही.

रस्त्याची पकड

अडथळा अचूक ओळखला तरी गाडी वेळेत थांबेल, असे नाही. टायर व कोरडा डांबरी रस्ता यांच्यातील घर्षणांक सुमारे ०.८, तर गुळगुळीत बर्फावर तो सुमारे ०.१ असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर पहिल्या स्थितीत सुमारे १२ मीटरांत थांबते. दुसऱ्या स्थितीत तिला सुमारे ९८ मीटर लागतात. कोरड्या रस्त्यासाठी योग्य असलेला ब्रेक लावण्याचा क्षण बर्फावर फार उशिराचा ठरतो. रस्ता निसरडा असल्याचे गाडीला बहुधा चाक घसरू लागल्यावरच समजते.

उपाययोजना व संशोधन

कॅमेऱ्यासमोरील काच आणि रडारचे आवरण तापवणाऱ्या तारा, भिंगावर द्रव फवारणाऱ्या तोट्या आणि अनेक संवेदकांच्या माहितीचे एकत्रीकरण हे प्रचलित उपाय आहेत. मोटार उत्पादक स्वीडनमधील आर्येप्लोग व फिनलंडमधील इव्हालो यांसारख्या ठिकाणी हिवाळी चाचण्या घेतात. कॅनडातील वॉटरलू व टोरांटो विद्यापीठांच्या संशोधकांनी वॉटरलू परिसरातील हिमवृष्टीत नोंदवलेला कॅमेरा व लिडारचा माहितीसंच २०२० मध्ये खुला केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भूवेधी रडारचा प्रयोग झाला आहे. रस्त्याखालील माती व खडकांची रचना हिमामुळे झाकली जात नसल्याने तिच्या नकाशावरून गाडीचे स्थान ओळखता येते.

नियम आणि चालकाची जबाबदारी

युरोपीय संघात ७ जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक अनिवार्य आहे. मात्र अशा ब्रेकसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५२ नुसार चाचणी कोरड्या व चांगली पकड असलेल्या पृष्ठभागावर होते. चाचणीतील यश ही बर्फावरील कामगिरीची हमी नव्हे.

आज सर्वसाधारणपणे विकल्या जाणाऱ्या प्रणालींत रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी चालकाचीच असते. संवेदक पूर्ण झाकला गेल्यास प्रणाली बहुधा तसा संदेश देऊन बंद होते. क्षमता अंशतः घटून प्रणाली चालूच राहणे अधिक धोक्याचे असते, कारण चालकाचा विश्वास पूर्वीइतकाच राहतो. गाडी चालवणे सर्वांत कठीण असते त्याच वेळी मदत कमी होते. म्हणून प्रवासापूर्वी केवळ काचाच नव्हे, तर बंपर, बोधचिन्ह, कॅमेरे व छतावरील हिमही काढणे आवश्यक असते. छतावरील हिम ब्रेक लावताच घसरून समोरच्या काचेवर येऊ शकते.

भारतातील स्थिती

भारतात हिमाच्छादित रस्त्यांचा प्रश्न मुख्यतः लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे उद्भवतो. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात डिसेंबर व जानेवारीत पडणारे दाट धुके ही अधिक व्यापक समस्या आहे. धुक्यात रडार पुढील वाहन ओळखू शकले, तरी कॅमेऱ्यावर अवलंबून असलेली मार्गिका व पादचारी ओळखण्याची कार्ये क्षीण होतात. महाराष्ट्रातून हिमालयात स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांना या दोन्ही परिस्थिती एकाच प्रवासात अनुभवास येऊ शकतात.