सॅमनचे शीतोष्ण जलमार्ग

अलास्काच्या नैर्ऋत्येस, ब्रिस्टल उपसागराकडे वाहणाऱ्या वूड नदीच्या मुलुखात, शेजारशेजारच्या ओढ्यांपैकी एखादा बर्फवितळीने अतिशीत, तर दुसरा उथळ सरोवरातून आल्यामुळे कोमट असतो. सॅमन शीतरक्ताचा असल्याने त्याच्या श्वसनावर, पचनावर आणि वाढीवर पाण्याच्या उष्णतेचाच अंमल चालतो. रेतीखड्यांत पुरलेली अंडी थंड पाण्यात सावकाश वाढतात. म्हणून शीत ओढ्यांतील सॉकाय सॅमन उन्हाळ्यातच अंडी घालतो, तर उबदार जलाशयांतील त्याचे भाऊबंद शरद ऋतूपर्यंत थांबतात. या कालभेदामुळे अस्वलांनाही ओढ्यामागून ओढ्याकडे मुक्काम हलवीत दीर्घकाळ मेजवानी लाभते!

त्याहून विलक्षण दाखला कोहो सॅमनच्या पिलांचा. थंड पाण्यात सॉकायची अंडी पोटभर खाऊन, ती त्वरेने पचावीत म्हणून, बोटभर लांबीची ही पिले शेकडो मीटर प्रवाहाविरुद्ध पोहत उबदार पाण्यात जातात आणि भूक लागताच परततात.

परंतु या उबेलाही मर्यादा आहे. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि नेमकी तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढते. जुलै 2019 मधील उष्म्यात अलास्काच्या कोयुकुक नदीत असंख्य चम सॅमन अंडी घालण्यापूर्वीच मेले. अशा वेळी भूजलाचे थंड झरे आणि काठची सावली हेच माशांचे आश्रयस्थान. म्हणून केवळ मुख्य नदी राखून भागणार नाही, तिला मिळणारे थंड आणि कोमट असे सर्वच ओढे एकमेकांशी जोडलेले राहिले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.