ओंडका थांबवणारी माणसं

सहा फूट घेराचा, दहा फूट लांबीचा आंब्याचा ओंडका वखारीच्या वहीत साडेबावीस घनफूट भरतो. हिशेब सोपा आहे. घेराचा चौथा हिस्सा दीड फूट, त्याचा वर्ग सव्वादोन, त्याला लांबीने गुणायचं. १७३६ साली एडवर्ड हॉपस या इंग्रजाने छापलेल्या कोष्टकांमुळे ही रीत पक्की झाली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. कापताना वाया जाणारं लाकूड तिच्यात आधीच वजा झालेलं असतं. भूमितीने मोजलं तर तोच ओंडका साडेअठ्ठावीस घनफुटांच्या वर जातो. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं तर वजन झालं आठशे किलो. वहीतून गळलेले सहा घनफूट, म्हणजे सुमारे पावणेदोनशे किलो, हमालाच्या पहारीवर मात्र येतातच.

खोपोली, चौक, कर्जत, नेरळ या पट्ट्यातल्या लहान वखारींचं काम असल्याच लाकडावर चालतं. खोपोली-रसायनीच्या कारखान्यांना पॅलेट आणि खोकी लागतात, बांधकामांना सेंट्रिंगच्या फळ्या लागतात, आणि फार्महाऊसवाल्यांना जाड, जुन्या वळणाचं लाकूड हवं असतं. वखार म्हणजे पत्र्याची शेड, एक बँडसॉ, रुळांवरची हाताने ढकलायची ट्रॉली, आणि बाहेर पावसात भिजणारी ओंडक्यांची रास. फारच मोठा माल आला तर तासावर हायड्रा क्रेन बोलावतात. रोजचं काम पहार, दोर, चेन कप्पी आणि उटी (ओंडका अडवणारा तिकोनी ठोकळा) यांवर भागतं.

यामागे काटकसर आहे, पण नुसती काटकसर नाही. माथेरान आणि प्रबळगडाच्या अंगाखांद्यावर वसलेल्या या मुलखात झाड जिथे पडतं तिथे यंत्र पोचेलच असं नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बचावपथकांना डोंगर पायी चढावा लागला आणि ढिगारा हातांनी उपसावा लागला, कारण वाडीला रस्ताच नव्हता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडभर झाडं पडली, तीही काही क्रेनची सोय बघून पडली नाहीत. परसात, बांधावर, दोन घरांच्या मधल्या बोळात पडलेलं झाड आधी हातानेच बाहेर काढावं लागतं.

गडचिरोलीत वनखात्याने या कामाला हत्ती वापरले. कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याचीच मागे राहिलेली खूण. इकडे बैल आणि रेडे होते, आता ट्रॅक्टर आहे. पण ओढणारा कोणीही असो, ओंडक्याचं पुढचं टोक जमिनीपासून सुटलं पाहिजे, नाहीतर ते नांगरासारखं मातीत घुसतं. म्हणून ते टोक दोन चाकांच्या आसावर बांधतात, किंवा निदान खाली गोल दांडके सारत नेतात. जागच्या जागी फिरवायचं असेल तर आणखी सोपं. ओंडका जिथे तोलला जातो तिथे खाली एक ठोकळा सारायचा. तो बिंदू मध्यावर नसतो, बुंध्याकडे सरकलेला असतो, हे मात्र डोळ्याला कळावं लागतं. एकदा तोल साधला की आठशे किलोचं लाकूड एक माणूस टोकाला हात लावून फिरवतो.

खरी गंमत ट्रकवर चढवताना आहे. हौदा साडेचार फूट उंच धरा. साडेतेरा फुटांच्या दोन जाड बल्ल्या तिरक्या टेकवल्या की तीनास एक असा उतार मिळतो आणि आठशे किलोंचा जोर पावणेतीनशेच्या आत येतो. आता दोन दोर घ्यायचे. प्रत्येकाचं एक टोक हौद्याला बांधायचं, दोर बल्ल्यांवरून खाली सोडायचा, ओंडक्याखालून घेऊन त्याला वळसा द्यायचा आणि दुसरं टोक परत वर, हौद्यातल्या माणसांच्या हातात. दोर दोन हात ओढला की ओंडका एक हात चढतो, म्हणून जोर पुन्हा निम्मा लागतो. राहिले एकशे पस्तीस किलो. दोन दोरांवर चौघं जण असतील तर माणशी चौतीस. खडबडीत साल, फुगीर गाठी आणि ओला दोर यांचं धरून चाळीस-पन्नास म्हणा. आठशे किलोंचं ओझं चार माणसांच्या आवाक्यात आलं, आणि त्यात कुठेही काही उचललं गेलं नाही.

इटलीच्या किनाऱ्याजवळ कलंडलेलं कोस्टा कॉन्कॉर्डिया हे अजस्र प्रवासी जहाज सप्टेंबर २०१३ मध्ये सरळ केलं, तेही याच तत्त्वावर: पोटाखालून साखळ्या घेऊन, लोळवत. त्याला एकोणीस तास लागले आणि जगभरच्या वाहिन्यांनी ते थेट दाखवलं. आपल्याकडे हे काम रस्त्याच्या कडेला चालतं आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.

कागदावरचा हिशेब ओंडका सरळसोट धरतो. झाड तसं नसतं. बुंधा जाड, शेंडा बारीक. एका फेऱ्यात बुंधा जास्त अंतर कापतो आणि ओंडका बल्ल्यांवर आडवा-तिडवा व्हायला लागतो. शेंड्याकडच्या माणसाने वेळेवर पहार घालून ते टोक पुढे रेटलं नाही तर अख्खा ओंडका एका बल्लीवरून निसटतो. अशा वेळी दोर धरणारे काही करू शकत नाहीत. वाचवतो तो उटीवाला. लाकडाचा हा तिकोनी ठोकळा ओंडक्यामागे दर हातभर चढाला सरकवत न्यायचा असतो, आणि तोही बाजूने, काठीने पुढे ढकलून. उताराच्या खालच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. ओंडका हलवायला जोर लागतो, थांबवायला डोकं. माझ्या मते टोळीतला सर्वांत मोलाचा माणूस उटीवालाच, जरी बघ्यांच्या नजरा दोरावर असल्या तरी.

चेन कप्पीचं मोलही तेच. तिच्यामुळे एक माणूस टनभर वजन वर घेतो, हे खरंच आहे. पण साखळी हातातून सुटली तरी माल आहे तिथेच लटकून राहतो, कारण आतला ब्रेक वजनानेच आवळला जातो. साध्या दोर-कप्पीत ही सोय नाही.

वखारीत पोचल्यावर चढण फारशी उरत नाही, याचं श्रेय यंत्राच्या बसवणुकीला. बँडसॉचं पातं दोन मोठ्या चाकांवर फिरतं आणि त्यातलं खालचं चाक खड्ड्यात बसवलेलं असतं. त्यामुळे ट्रॉली जमिनीलगत राहते. ही युक्ती यंत्राच्या आधीची आहे. जुने करवतवाले ओंडका उंच माचीवर चढवण्याऐवजी त्याच्याखाली खड्डा खणत. एक जण वर उभा, एक खड्ड्यात, भुशाने डोळे भरलेला. ओझं वर नेण्यापेक्षा माणूस खाली गेला.

अशा वखारी वाढत का नाहीत, याचं उत्तर कायद्यात आहे. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलातल्या विनापरवाना लाकूड गिरण्यांना चाप लावला आणि २००२ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या संमतीशिवाय नवी गिरणी उघडायला मनाई केली. पुढे हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतलं झाड पाडायलाही परवानगी लागते. जंगलासाठी हे बंधन योग्यच होतं. पण परवाना हीच दुर्मीळ वस्तू झाली की तो असणाऱ्याला यंत्र सुधारायची घाई उरत नाही, आणि ढकलणारी माणसं मिळतात तोवर ट्रॉली हातानेच ढकलली जाते.

ट्रॉलीवर ओंडका लोखंडी आकड्यांनी जखडला की सालीकडची पहिली फळी निघते. इथे सगळं उलटतं. आता त्याला सपाट पाठ असते. ती खाली घातली की उटीची गरज संपते, पण पुढच्या कापासाठी तोच नग पाव फेरा फिरवायला दोन पहारी आणि तीन माणसं लागतात. म्हणून अनुभवी मिस्त्री पहिल्या कापाआधी ओंडक्याभोवती नीट फिरून बघतो, कुठली बाजू वर ठेवायची ते ठरवतो आणि जेवढं लोळवायचं तेवढं तो गोल आहे तोवरच लोळवून घेतो.