स्वस्त म्हणावे, पण कोणत्या शब्दाने?

काही दिवसांपूर्वी एक इंग्रजी पत्रक अनुवादासाठी माझ्या टेबलावर आले. विषय औषधांचा होता. नामांकित छापाच्या औषधात जो गुणकारी घटक असतो तोच घटक असलेली, परंतु किमतीने कमी अशी औषधे जनऔषधी केंद्रांतून मिळतात, नागरिकांनी त्यांचा लाभ घ्यावा, असा त्या पत्रकाचा आशय. केंद्र सरकारची ही योजना २००८ साली सुरू झाली, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मूळ मजकुरात त्या औषधांना ‘अफोर्डेबल’ हे विशेषण लावलेले होते. मी फारसा विचार न करता ‘स्वस्त औषधे’ असे लिहून मोकळी झाले.

रात्री तो मजकूर आईला वाचून दाखविला. ती कित्येक वर्षे रक्तदाबाची गोळी घेत आहे. महिनाअखेर आली आणि पैशांची ओढाताण होऊ लागली की ती ही गोळी एक दिवसाआड घेत असे, ही गोष्ट आम्हां मुलांना फार उशिरा कळली होती. म्हणून हे पत्रक तिच्या कामाचे आहे असे मला वाटले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “स्वस्त औषध नको गं बाई. एखादं पातळ स्वस्तातलं चालेल, औषध कसं चालेल?”

मी चमकले. औषधात काही उणे नव्हते. उणे होते ते मी निवडलेल्या शब्दात. किंमत कमी आहे एवढेच मला सांगावयाचे होते आणि ऐकणारीला ऐकू आले ते असे, की मालही कमी प्रतीचा आहे.

मराठीत हा खड्डा उथळ आहे, इंग्रजीत तो बराच खोल आहे. आज आपल्या घरोघरची मुले इंग्रजीतून अर्ज करतात, आईने केलेल्या लोणच्याची जाहिरात लिहितात, प्रदर्शनातील गाळ्यावर पाटी रंगवितात. त्या पाटीवर ‘चीप अँड बेस्ट’ हे शब्द आपण कितीदा तरी पाहिले असतील. ‘स्वस्त आणि मस्त’ याचे ते आपण केलेले इंग्रजी रूप. आपल्या देशात ते सर्वांना समजते, आणि लिहिणाराच्या मनात अभिमानच असतो. परंतु इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा गिऱ्हाइकाच्या कानाला ‘चीप’ आणि ‘बेस्ट’ ही जोडी विजोड लागते. त्याच्या भाषेत ‘चीप’ची खरी सोबतीण आहे ‘नॅस्टी’, म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ. फार झाले तर ‘चीप अँड चिअरफुल’, म्हणजे साधेसुधे, पण मनाला बरे वाटणारे.

हा शब्द जन्मतः असा हलका नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खरेदीविक्री, व्यापार असा होता. लंडनच्या जुन्या शहरात ‘चीपसाइड’ नावाचा रस्ता आहे. त्याच्या नावाचा स्वस्ताईशी संबंध नाही. मध्ययुगात तेथे मोठा बाजार भरत असे म्हणून ते नाव पडले. त्याला लागून असलेल्या गल्ल्यांची ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट ही नावे त्या बाजाराची आठवण अजून देतात. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या नावातही याच कुळातील शब्द आहे. त्या नावाचा अर्थ व्यापाऱ्यांचे बंदर. स्वस्त वस्तूला पूर्वी इंग्रजीत ‘गुड चीप’ म्हणत, म्हणजे चांगला सौदा. फ्रेंच भाषेतील ‘बाँ मार्शे’ याची रचना अशीच आहे, आणि तेथे तो ‘चांगला’ अजून टिकून आहे. इंग्रजीत मात्र पुढे ‘गुड’ गळून पडला. उरलेल्या ‘चीप’ने प्रथम केवळ कमी किंमत दाखविली आणि मग हळूहळू कमी प्रत, कमी लायकी, कमी अभिरुची हे सारे त्याच्या माथी बसले.

आपल्या घरातही असेच घडलेले आहे. संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजे मोल. ज्याचे मोल मोठे ते ‘महार्घ’. त्याचे मराठीत ‘महाग’ झाले. ज्याचे मोल बेताचे ते ‘समर्घ’. त्याचे झाले ‘सवंग’. एके काळी सवंग धान्य म्हणजे कमी भावाचे धान्य, एवढाच अर्थ होता. आज आपण ‘सवंग लोकप्रियता’, ‘सवंग विनोद’ असे म्हणतो आणि नाक मुरडतो. सवंग धान्य आता कोणी विकत नाही, स्वस्त धान्य विकतात. एक शब्द मळला म्हणून आपण दुसरा वापरावयास काढला. इंग्रजीनेही तेच केले.

इंग्रजीत असे मळलेले शब्द आणखी आहेत. इंग्लंडातील ईली या गावी सेंट ऑड्री या साध्वीच्या नावाने जत्रा भरे. सातव्या शतकात तेथील मठ तिनेच स्थापन केला होता. त्या जत्रेत गळ्यात बांधावयाच्या रेशमी फिती विकल्या जात. पुढे पुढे त्या फिती भडक आणि हिणकस निघू लागल्या, आणि ‘सेंट ऑड्री’ या नावाचा अपभ्रंश होऊन ‘टॉड्री’ हे विशेषण रूढ झाले. अर्थ, भपकेबाज पण कवडीकिमतीचे. दुसरा शब्द ‘शॉडी’. यॉर्कशरमधील बॅटली येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा उद्योग उभा राहिला. त्या लोकरीचे नाव शॉडी. आज कोणतेही निष्काळजीपणाचे काम या शब्दाने हिणविले जाते. परंतु आपल्या पानिपतला, जे नाव १७६१ पासून मराठी मनात वेगळ्याच कारणाने रुतून बसले आहे, हाच धंदा आजही चालतो. जुन्या लोकरी कपड्यांपासून तेथे ब्लँकेटे विणली जातात आणि गरिबाच्या अंगावर थंडीत ती ऊब देतात. शब्द बदनाम झाला म्हणून वस्तू कुचकामी ठरत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. कमी किमतीसाठी इंग्रजीत निदान सहा-सात शब्द नित्य वापरात आहेत. ते एकमेकांचे पर्याय आहेत असे आपण समजतो, पण प्रत्येकाची नजर निराळ्या ठिकाणी असते.

‘इनएक्स्पेन्सिव्ह’ हा शब्द फक्त किमतीविषयी बोलतो. वस्तू महाग नाही, एवढे सांगून तो गप्प बसतो. प्रतीविषयी वाईट सुचवीत नाही. भेट दिलेल्या वस्तूविषयी बोलताना ‘चीप’ म्हणणे अपमानाचे होईल, हा शब्द चालून जाईल.

‘रीझनेबल’ विकणाराकडे पाहतो. त्याने लावलेला भाव विवेकाला धरून आहे, वाजवी आहे, असे त्यात आहे. भाड्याच्या खोलीविषयी चौकशी करताना हा शब्द घालावा. घरमालकाला त्यात स्तुती दिसते.

‘अफोर्डेबल’ घेणाराच्या कमरेच्या पिशवीकडे पाहतो. याला मराठीत ‘परवडणारे’ हा नेमका शब्द आहे. घर, औषध, शिक्षण यांसारख्या ज्या गोष्टींवाचून माणसाचे चालत नाही, त्यांच्याविषयी बोलताना हाच योग्य.

‘इकॉनॉमिकल’ आजच्या किमतीकडे न पाहता दीर्घ वापराकडे पाहतो. एलईडीचा दिवा साध्या पिवळ्या दिव्याहून महाग पडतो, परंतु वीज थोडी खातो आणि पुष्कळ अधिक दिवस टिकतो. म्हणून तो ‘इकॉनॉमिकल’. ह्या शब्दाचे मूळ ग्रीक आहे, आणि तेथे त्याचा अर्थ घरसंसाराची व्यवस्था असा आहे. कोणतीही गृहिणी या शास्त्रात पारंगत असतेच.

‘बार्गेन’ हे नाम वस्तूची खरी योग्यता आणि दिलेले पैसे यांची तुलना करते. दोन हजारांच्या योग्यतेचे लुगडे बाराशेंना मिळाले तर ते ‘बार्गेन’. येथे एक सावधगिरी हवी. हाच शब्द क्रियापद झाला की त्याचा अर्थ घासाघीस करणे असा होतो.

‘व्हॅल्यू फॉर मनी’ म्हणजे पैशाचा पुरेपूर मोबदला. ह्यात वस्तू स्वस्त असलीच पाहिजे असे नाही. दहा वर्षे टिकणारा महाग कुकर या वर्णनाला पात्र ठरतो, आणि तीन महिन्यांत दांडा निखळणारा स्वस्त कुकर ठरत नाही.

मुलांना शिकविताना आणखी एक जोडी अवश्य सांगावी. ‘प्राइसलेस’ आणि ‘वर्थलेस’ ह्या दोन शब्दांचे शेपूट एकच आहे, पण पहिला म्हणजे अनमोल आणि दुसरा म्हणजे कुचकामी. आजीच्या पोथीला चुकून दुसरा शब्द लावला तर घरात काय होईल, याची कल्पना आपण करू शकता!

आता ज्या एका शब्दापाशी मी अनुवाद करताना थांबले, त्याची हकीगत सांगते. ‘डर्ट चीप’ असा इंग्रजी वाक्प्रचार आहे. ‘डर्ट’ म्हणजे माती, तेव्हा आपला ‘मातीमोल’ हा अगदी हुबेहूब प्रतिशब्द, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. परंतु दोन्ही शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. ‘डर्ट चीप’ म्हणणारा माणूस खूश असतो. त्याला वस्तू फुकटासारखी मिळालेली असते. ‘मातीमोल’ म्हणणारा माणूस दुःखी असतो. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळला की ‘कांदा मातीमोल झाला’ असे आपण म्हणतो, आणि ते म्हणताना आपण ट्रॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या बाजूला असतो. एकाच मातीचे दोन शब्द, पण एक तराजूच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा. कमी किमतीचा प्रत्येक शब्द असा कोणाच्या तरी बाजूने बोलत असतो. तो कोणाच्या बाजूचा आहे हे ओळखले की पुष्कळशा चुका टळतात.

वस्तूंवरून हे शब्द माणसांवरही येतात. अमेरिकेत एखाद्या माणसाला ‘चीप’ म्हटले तर तो चिक्कू, असा अर्थ होतो. उलट काटकसरी माणसाला ‘थ्रिफ्टी’ म्हणतात, आणि ते भूषण आहे. ‘थ्रिफ्ट’ हा शब्द भरभराटीचा अर्थ असलेल्या ‘थ्राइव्ह’ ह्या क्रियापदाचा सख्खा नातलग आहे. जो जपून खर्च करतो त्याचीच भरभराट होते, असे जणू ती भाषाच सांगते.

शब्दाची किंमत मोठमोठ्या कारखान्यांनाही मोजावी लागते. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या मोटारप्रदर्शनात टाटांची ‘नॅनो’ गाडी प्रथम दाखविण्यात आली. दुचाकीवरून पाऊसपाण्यात जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला लाखभर रुपयांत सुरक्षित वाहन मिळावे, हा त्यामागील हेतू. परंतु जगभर तिचे नाव झाले ते ‘सर्वांत चीप गाडी’ म्हणून. गाडीची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. त्याला इतरही कारणे होती. तथापि ‘चीप’ ही ओळख तिला बाधली, ‘परवडणारी’ अशी तिची ओळख करून द्यावयास हवी होती, असे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखविले. हे समजण्यासारखे आहे. गाडी दारात उभी राहते ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. पैसे वाचल्याचा आनंद माणूस मनात ठेवतो, पण आपण हलके घेतले असे लोकांनी म्हणावे हे त्याला सोसत नाही.

आपल्या रेशनच्या दुकानाचे नाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत त्याला ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. मराठीत ‘स्वस्त धान्य दुकान’ म्हणतात, तसेच ‘रास्त भाव दुकान’ असेही म्हणतात. पहिल्या मराठी नावात किंमत आहे, दुसऱ्यात न्याय आहे. ‘रास्त’ म्हणताच पिशवी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईवर कोणी उपकार करीत आहे असे वाटत नाही. तिला तिचा हक्क मिळत आहे असे वाटते. धान्य तेच, दुकानही तेच. शब्दाने तिची मान मात्र ताठ राहते.

वाचकहो, एवढे सारे ध्यानात ठेवण्याची आवश्यकता नाही. पाटी किंवा पत्र लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ह्या शब्दाने वस्तू, ती करणारा आणि ती घेणारा ह्या तिघांपैकी कोणाचा कमीपणा तर होत नाही ना? होत असेल तर दुसरा शब्द शोधावा. तो बहुधा जवळच सापडतो.

त्या पत्रकातील ‘स्वस्त औषधे’ हे शब्द मी दुसऱ्याच दिवशी खोडले आणि ‘परवडणारी औषधे’ असे लिहिले. त्याखाली एक वाक्य ठळक केले, की औषधातील घटक तोच आहे. सुधारलेला मजकूर आईला पुन्हा वाचून दाखविला. तिने चष्मा काढला, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “डॉक्टरांना दाखवून घेऊ या का गं ही?”

डॉक्टरांना दाखविले. त्यांनी होकार दिला. आता ती गोळी रोज घेते.