तळ्यातील सूक्ष्म जीव आणि जड धातूंचे विष

तळ्याचे पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन उजेडासमोर धरले असता, त्यात झटके घेत वरखाली जाणारे बारीक ठिपके पुष्कळदा दृष्टीस पडतात. पाण्यात तरंगत राहणाऱ्या अशा सूक्ष्म प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. खेकड्याच्या वर्गातील डॅफ्निया, म्हणजेच पाण्यातील पिसू, हा त्यांपैकी एक होय. नारूच्या प्रसारामुळे परिचित झालेला सायक्लॉप्स हा दुसरा. डॅफ्निया हिरवे सूक्ष्म शैवाल गाळून खातो आणि माशांची पिले डॅफ्नियावर पोसतात. ही मधली कडी तुटल्यास एकीकडे शैवाल माजते व दुसरीकडे माशांचे अन्न तुटते.

शिसे, पारा, कॅडमियम, तांबे, निकेल इत्यादी धातू पाण्यात उतरले म्हणजे ही कडी धोक्यात येते. पालापाचोळा कुजून नाहीसा होतो. धातू कुजत नाही, तो गाळात साठून राहतो. तांबे अत्यल्प प्रमाणात जीवनास आवश्यक आहे. परंतु ते वाढले की प्राण्याच्या शरीरातील क्षारांचा समतोल बिघडतो. कॅडमियम चुन्याच्या अंशाचे शोषण रोखते. आणि डॅफ्नियाला तर वारंवार कात टाकून नवे कवच बनवावे लागते. प्राणी तत्काळ मेला नाही, तरी त्याची वाढ खुंटते व पिले कमी होतात. म्हणूनच प्रयोगशाळेत पाण्याचे विषारीपण जोखण्यासाठी डॅफ्नियाची पिले ४८ तास त्या पाण्यात ठेवून पाहतात, आणि प्रजननावरील परिणाम पाहण्यासाठी २१ दिवस.

झालेली हानी सहज भरून येत नाही, हे कॅनडातील सडबरीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. तेथील तांबे-निकेलच्या भट्ट्यांच्या धुरामुळे भोवतालच्या सरोवरांत आम्ल व धातू उतरले. १९७३ ते १९७५ या काळात काही सरोवरांत चुन्याची द्रव्ये टाकून आम्लता घालविण्यात आली. पुढे सायक्लॉप्सच्या गटातील प्राणी सावरले; परंतु डॅफ्नियाचा गट सुमारे तीस वर्षांनंतरही पूर्ववत झालेला नव्हता, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आम्ल गेले तरी धातू मागे राहिले होते.

शिक्षकांनी बाटलीतील पाणी विद्यार्थ्यांना भिंगातून दाखवावे. पाणी स्वतः आणावे. मुलांना एकट्याने तळ्यावर पाठवू नये. ठिपके दिसले नाहीत, एवढ्यावरून पाण्यात धातू आहेत असा निष्कर्ष काढू नये. ऋतुमान व मासे यांमुळेही त्यांची संख्या घटते. तसेच, नितळ दिसणारे पाणी निर्विष असतेच असे नाही, हेही मुलांच्या मनावर ठसवावे. मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील पाणी ओढ्यात ओतणे, निकामी सेल तळ्यात फेकणे, शिसे वा पारा असलेल्या रंगांच्या मूर्ती पाण्यात विसर्जित करणे, या गोष्टी का टाळावयाच्या, हे मग निराळे सांगावे लागणार नाही. एकदा गाळात गेलेला धातू काढणे गावाच्या हाती नसते. तो पाण्यात जाऊ न देणे मात्र असते.