मुलांसाठी कोणता इअरफोन? साधा की रबरवाला?

पालकहो, "मॅडम, पोराला कोणता इअरफोन घेऊ?" हा प्रश्न पालक सभेत हमखास येतो. म्हणून घरातले दोन्ही घेऊन बसले. एक साधा, कडक प्लॅस्टिकचा, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा. दुसरा रबरवाला, कानाच्या आत बसणारा. पंखा चालू ठेवला आणि एकच बालगीत दोन्हींत लावलं.

साध्यात तबला पोकळ वाटला. शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवावा लागला. रबरवाल्यात तोच तबला भरदार! कारण सोपं आहे. कानाची नळी बंद झाली की खर्जाचा आवाज बाहेर निसटत नाही आणि पंख्याची घरघरही कमी होते. मग कमी आवाजात भागतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ७५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये.

पण रबर मापाचं हवं. डब्यात बहुतेक वेळा लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापं येतात, आपण मात्र लावून आलेलं मधलंच वापरतो. माझा कान त्याने वीस मिनिटांत दुखायला लागला. लहान लावलं, थांबला. सैल बसलं तर मात्र खर्ज गेलाच. महागडा इअरफोनही मग साध्यासारखाच वाजतो.

एक गंमत करून बघा. रबरवाला घालून मोठ्याने वाचा, आपलाच आवाज डोक्यात घुमतो. म्हणून 'ऐका आणि म्हणा'च्या सरावाला मी साधाच देते, तोही शांत खोलीत. रस्त्यावर रबरवाला नकोच, गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही.