अव्वल तक्रारीची दखल
नागपूरच्या सदर भागातील शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर उबुंटू ही मुक्तस्रोत प्रणाली नुकतीच बसविली आहे, त्याला सी भाषेतील पहिलाच प्रोग्राम चालविताना ‘कमांड नॉट फाउंड’ असा रुक्ष जबाब मिळाला, तरी यंत्र बिघडले असे मानण्याचे कारण नाही. प्रणाली ‘पाथ’ या यादीत नमूद असलेल्या फोल्डरांतच साधनाचा शोध घेते, आणि 1987 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसृत केलेला जीसीसी हा कंपायलर मुळात बसविलेलाच नसेल, तर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा संच मागविताच तो ‘मेक’ या साधनासह दाखल होतो.

कंपायलरने तक्रारींच्या कितीही फैरी झाडल्या, तरी अव्वल तक्रार तेवढी खरोखर दखलपात्र होय. उरलेल्या बहुधा तिचीच संतती असतात, आणि तरीही आपण शेवटचीच ओळ वाचून हताश होतो, हे मनुष्यस्वभावाचे नवल! अव्वल तक्रारीत ‘.एच’ अखेरीची एखादी फाइल सापडत नसल्याचा उल्लेख असेल, तर संबंधित लायब्ररीचा, नावाअखेर ‘डेव्ह’ ही अक्षरे असलेला संच बसवावा. ‘परमिशन डिनाइड’ दिसताच ‘सूडो’ची, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या अधिकाराची, सनद उगारण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यायोगे नव्या फाइली मुख्य प्रशासकाच्या मालकीच्या होऊन नवाच घोटाळा उद्भवतो; फाइल कोणाच्या नावे आहे, हे आधी ‘एलएस -एल’ या हुकमाने पाहावे.