देवडीवर अडलेला टीव्ही

घरच्या भिंतीवर वर्षानुवर्षे निमूटपणे चित्रे दाखवणारा आणि एकदा सांगितलेला पासवर्ड कधीही न विसरणारा स्मार्ट टीव्ही, किंवा त्याच्या पाठीमागे खोचावयाची बोटभर लांबीची स्टिक, परगावच्या हॉटेलात, इस्पितळानजीकच्या अतिथिगृहात अथवा परदेशी विद्यापीठाच्या वसतिगृहात नेली, की तिथल्या वाय-फायशी तिचा संबंध जुळतो, पडद्यावर तशी ग्वाहीही उमटते, आणि तरीही एकही चित्रपट सुरू होत नाही, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की त्यामागची कारणपरंपरा एकदा उलगडून पाहणे अगत्याचे ठरावे.

दोष बहुधा टीव्हीचा नसतो आणि जाळ्याचाही नसतो. सार्वजनिक वाय-फायचा कारभार जुन्या वाड्यातल्यासारखा चालतो. दिंडीदरवाजा सताड उघडा असला, तरी देवडीवरच्या पहारेकऱ्यापाशी नाव-गाव रुजू केल्याखेरीज चौकात पाऊल टाकण्याची मुभा नसते. या देवडीला तंत्रज्ञ कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. आपले उपकरण जाळ्यात शिरले, की त्याला तात्पुरता आयपी पत्ता मिळतो. परंतु त्याने बाहेरचे कोणतेही पान मागितले, तरी त्याच्या हाती पडते ते लॉगिनचेच पान. तेथे खोलीचा क्रमांक व आडनाव, किंवा मोबाइल क्रमांक व त्यावर आलेला ओटीपी भरला, म्हणजे उपकरणाच्या अंगभूत, १२ चिन्हांच्या मॅक ॲड्रेसची नोंद होऊन ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो, आणि मुदत सरताच तो बिनबोभाट रद्दही होतो.

मोबाइल फोन ही अडवणूक चटकन ओळखतो. कारण जाळ्यात शिरताक्षणीच तो एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो, आणि अपेक्षित उत्तराऐवजी भलतेच पान आले, तर लॉगिनची खिडकी आपण होऊन पुढे करतो. बऱ्याच टीव्हींमध्ये अशी खिडकीच नसते. ब्राउझर असला, तरी हल्लीची बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसच्या कुलुपात असल्यामुळे मध्यस्थाने पुढे केलेले पान तो संशयास्पद मानून नाकारतो. अशा वेळी कुलूप नसलेला, ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’सारखा साधा पत्ता उघडावा, म्हणजे लॉगिनचे पान बहुधा प्रकट होते.

या चौकशीला आपल्याकडे केवळ हॉटेलवाल्यांची लहर कारणीभूत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वाय-फायवरून धाडला गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २००९ साली दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याविषयी हुकूम काढले. ओटीपीचा शिरस्ता या धोरणाशी जुळलेला आहे. सारांश, ही जाळी माणसाची ओळख मागतात, आणि टीव्ही मात्र मालक व जाळे एकाच छपराखाली असतील असे गृहीत धरून घडवलेला असतो.

म्हणून टीव्हीच्या वतीने उत्तर देणारा कोणी तरी उभा करणे, हाच सर्व उपायांचा गाभा होय. पहिला आणि सर्वांत सरळ मार्ग अर्जाचा: टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमधला मॅक ॲड्रेस टिपून स्वागतकक्षाकडे द्यावा व तो नोंदवून घेण्याची विनंती करावी. अनेक विद्यापीठांत याकरिता स्वतंत्र नोंदणीची तजवीज असते, आणि वसतिगृहात तिचा विशेष उपयोग होतो. कारण एड्युरोमसारख्या जाळ्यांवर प्रत्येकाला स्वतःचे नाव व पासवर्ड द्यावा लागतो आणि ती पद्धत पुष्कळशा टीव्हींना अवगतच नसते. फायर टीव्हीची स्टिक लॉगिनचे पान स्वतः पडद्यावर आणू शकते. अमेरिकेत प्रचलित असलेला रोकू हेच काम फोनच्या मदतीने उरकतो.

दुसरा मार्ग मध्यस्थाचा. प्रवासासाठी मिळणारा छोटा राउटर हॉटेलच्या वाय-फायला जोडून फोनवरून एकदा लॉगिन केले, की जाळ्याच्या लेखी ते एकच उपकरण ठरते आणि त्यामागे टीव्ही, फोन, लॅपटॉप सुखेनैव नांदतात. विंडोजच्या लॅपटॉपवरील मोबाइल हॉटस्पॉटही हेच काम करतो. यात आणखी एक लाभ आहे: सुरक्षिततेस्तव हॉटेले पाहुण्यांची उपकरणे परस्परांपासून विलग ठेवतात, त्यामुळे एरवी फोनवरचे चित्र टीव्हीवर कास्ट होत नाही; स्वतःच्या राउटरमागे ही आडकाठी उरत नाही. मात्र कित्येक वसतिगृहांत खासगी राउटरला स्पष्ट मज्जाव असतो, तेव्हा नियम आधी वाचावेत.

फोनचा स्वतःचा हॉटस्पॉट हा तिसरा मार्ग सर्वांत सुकर आणि सर्वांत खर्चिक. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने एचडी चित्राला ताशी ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. आणि काहीच न साधले, तर लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआयची तार ओढावी. तिला कोणी ओळख विचारत नाही.

यांतला कोणता मार्ग निवडावा, हे मुक्कामाच्या लांबीवर ठरते: एका रात्रीसाठी तार पुरे, आठवड्यासाठी राउटर, आणि वर्षाच्या बिऱ्हाडासाठी रीतसर नोंदणी. हॉटेलच्याच टीव्हीवर आपले खाते उघडले असेल, तर खोली सोडण्यापूर्वी ते आठवणीने साइन आउट करावे. जाळ्याचा परवाना मुदतीने आपोआप संपतो, खात्याचा तसा संपत नाही.